नाकाड्याची स्ट्रॉबेरी

४ नोव्हेंबर

चि. नाकाड्यास, ताईचे अ.उ.आ.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि ठेवून देतोस. पत्राला हं म्हणता येत नाही, म्हणून पत्र. शुद्धलेखन बघत बसू नकोस, मजकूर बघ.

तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं आहे. ताप गेला तो जाताना तुझा वास घेऊन गेला. एवढं मोठं नाक, लहानपणापासून घराला पुरून उरलेलं, आणि आता आत काही शिरत नाही. भट्टीभर पाव कोळसा झाले आणि तू शेजारी उभा, तुला पत्ता नाही. ज्या माणसाने जन्मात कधी भट्टीपुढे घड्याळ बघितलं नाही, वासावर फळी घालून पाव बाहेर काढले, त्याचं असं झालं. वाईट झालं. मी नाही म्हणत नाही. पण म्हणून घरी भिंतीकडे तोंड करून बसायचं?

तुझा मालक भला माणूस. फेब्रुवारी संपेपर्यंत भट्टी तुझ्या नावाने ठेवतो म्हणाला, तोवर तुझा जोडीदार सांभाळेल. पुढे मात्र ती जोडीदाराचीच. डॉक्टर म्हणाले की वास परत येऊ शकतो, पण नाकाला रोज कामाला लावा, सकाळी एकेक वस्तू हुंगा. आणि तू म्हणालास, लवंग हुंगत बसायला मी काय खुळा आहे.

बरं, नको हुंगूस लवंग. तुझ्या भावोजींच्या माल पोचवायच्या गाडीतून एक खोकं पाठवते आहे. त्यात स्ट्रॉबेरीची सहा रोपं आहेत. सहा माझ्याकडे ठेवली. खरं तर मी आधी बी आणलं होतं. माळी म्हणाला, मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती घालू नका आणि तीन आठवडे दम धरा. मी रविवारपर्यंत दम धरला आणि मग सुईने उकरून बघितलं. काही नाही. ती कुंडी दिली गॅलरीच्या कोपऱ्यात भिरकावून आणि तयार रोपं घेऊन आले.

आता पैज. ज्याचं फळ आधी पिकेल तो जिंकला. तू हरलास तर महिनाभर माझ्या शिवणाच्या दुकानात बसून काजं-बटणं करायची. मी हरले तर तुला पुन्हा कधी नाकाड्या म्हणणार नाही, तोंडी नाही आणि लेखी नाही. माळी म्हणतो, हे फळ पिकलं की बघावं लागत नाही, वासच हाक मारतो. तेव्हा कुंड्या तू बसतोस त्या खिडकीत ठेव आणि रोज सकाळी पानाला, मातीला नाक लाव. वास नाही आला तर नाही आला. रोपाला त्याचं वाईट वाटत नाही.

लोभ असू दे. नसला तर उत्तर लिहिण्यापुरता तरी असू दे.

तुझी ताई

१३ नोव्हेंबर

ती. ताईस, शि.सा.न.वि.वि.

खोकं पोचलं. भावोजी चहा प्यायले आणि तू पढवून पाठवलेलं भाषण त्यांनी केलं. मधेच विसरले, तेव्हा खिशातून चिठ्ठी काढून वाचलं. शेवटी स्वतःच म्हणाले, बाबा रे, लाव ती रोपं, नाहीतर घरी माझं काही खरं नाही.

लावली. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती, म्हणून लावली. पावाचे दोन जुने लांबट डबे होते, त्यांना खाली भोकं पाडली आणि एकेकात तीन. नाहीतरी ते डबे आता कशाला लागणार आहेत?

तू सांगितलंस तसं पानाला नाक लावलं, मातीला लावलं. काही नाही. ताई, हे दर पत्रात विचारू नकोस. तुम्हाला वाटतं, वास गेला म्हणजे जेवणाची चव गेली, एवढंच. तसं नाही. बायको स्वयंपाकघरात आहे की बाहेर गेली आहे, हे मला उठून बघावं लागतं. पाऊस पडून गेला तरी खिडकी उघडल्यावर काही कळत नाही. सगळं घर काचेच्या पलीकडे ठेवल्यासारखं आहे. दिसतं आहे, पण माझं नाही.

आणि काजं-बटणं मी करणार नाही.

भावोजींना नमस्कार. कृपा आहे ती राहू दे, भाषणं कमी झाली तरी चालतील.

तुझा धाकटा

२ डिसेंबर

चि. नाकाड्यास, ताईचे अ.उ.आ.

हसायचं नाही, आधीच सांगते. माझी चार रोपं सडली.

कपडा शिवताना आम्ही आत माया सोडतो ना, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावा म्हणून? तशीच मी मातीतही माया सोडली. चांगली गळ्यापर्यंत खोल लावली, म्हटलं पक्की बसतील. माळ्याने बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, बाई, याचा मधला कोंब मातीच्या वर राहायला हवा, तुम्ही तर त्याचं नाकच दाबलंत. मी म्हटलं, नाकाचं आमच्या घरी काही खरं नाही. त्याला कळलं नाही. आता दोन उरली आहेत, ती वर उचलून बसवली. तुझी बघ आणि खोल असतील तर माती बाजूला कर.

दुसरं म्हणजे, पहिल्या कळ्या आल्या की खुडून टाक. माळी म्हणतो, रोप लहान आहे, आधी मुळं धरू दे, मग फुलं. घाईने काही होत नसतं. हे मी लिहिते आहे, दात काढू नकोस.

तू काचेचं लिहिलंस ते मी भावोजींना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर जाऊन गाडी पुसत बसले, आणि ती सकाळीच धुतलेली होती. ठीक आहे. काचेमागे बसला आहेस तर बस. लहानपणी शेजारच्यांच्या किती काचा मी फोडल्या ते तुला माहीत आहे. नेम अजून तसाच आहे.

उत्तर उलट टपालाने हवं. लोभाचं तू बघ, उत्तराचं मी बघते.

तुझी ताई

११ जानेवारी

वन्संना सा.न.वि.वि.

मी हे पत्र लिहिते आहे हे यांना सांगू नका. यांचं उत्तर तुम्हाला गेलेलं नाही, म्हणून लिहिते.

मधे सगळं छान चाललं होतं. कळ्या आल्या तेव्हा यांनी तुमच्या सांगण्यावरून एकेक खुडली. सकाळभर त्याच कामात होते. मग पुढच्या खेपेला भावोजींच्या तोंडून निघून गेलं की तुम्ही तुमच्या कळ्या मुळीच खुडल्या नाहीत, पैज जिंकायला तशाच ठेवल्या. त्या दिवशी हे एवढे हसले की ठसका लागला. तापानंतर पहिल्यांदा हसले, वन्सं. त्यानंतर रोपं जोरात वाढली, पानं हाताच्या पंजाएवढी झाली आणि पुन्हा फुलं आली, पांढरी, भरपूर.

थंडीमुळे आम्ही खिडकी बंद ठेवतो. आत माशी नाही की भुंगा नाही, मग फळ धरणार कसं? हे म्हणाले, ब्रश फिरवून एका फुलाची भुकटी दुसऱ्याला लावायची. कामाच्या पिशवीतून ब्रश काढला. पावावर चकाकी यावी म्हणून अंडं लावतात, तो. पिशवी कधीपासून तशीच टांगलेली. मी बाहेरून आले तर दारातच कुजक्या अंड्याचा भपकारा. आणि हे फुलांवर वाकलेले, नाक त्या ब्रशपासून बोटभर लांब, आणि यांना काहीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, शी, केवढी घाण येते आहे! हे माझ्याकडे बघत राहिले. मग ब्रश खाली ठेवला आणि बाहेर निघून गेले.

फुलं काळी पडली, डब्यांना मुंग्या लागल्या. यांनी डबे उचलून जिन्यात ठेवले. पाणीही घालत नाहीत. काल म्हणाले की मालकाला निरोप पाठवतो, माझ्यासाठी थांबू नका, आजच जोडीदाराच्या हाती भट्टी द्या. मी कसंबसं थांबवलं आहे. माझं ऐकत नाहीत, तुम्हाला घाबरतात. लिहा काहीतरी.

आपला आशीर्वाद आमच्या घराकडे वळता राहू दे.

तुमची भावजय

१५ जानेवारी

चि. नाकाड्यास, ताईचे अ.उ.आ.

मला कोणी काही कळवलेलं नाही. मला सगळं माहीत आहे.

ब्रशला अंडं होतं. बरं मग? माझ्या बोटातून यंत्राची सुई आरपार गेली होती, आठवतं? नखाच्या या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर. दुसऱ्या दिवशी मी त्याच यंत्रावर बसले, कारण लग्नाचे कपडे होते आणि नवरी काही माझं बोट बरं होईपर्यंत थांबणार नव्हती. चूक धंद्याच्या माणसाकडूनच होते. ज्याच्याकडे ब्रशच नाही त्याचा ब्रश कुजेल कसा?

आता मी सांगते ते कर. डबे आत आण. काळी फुलं कापून टाक, पानं पाण्याने पूस, डबे ताटात पाणी घालून त्यात ठेव म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. सोबत भावोजींचा दाढीचा ब्रश पाठवते आहे. दोनदा धुतला, उन्हात वाळवला, अगदी मऊ आहे. नवा घेईपर्यंत ते अस्वलासारखे हिंडणार आहेत, तेव्हा त्यांच्या दाढीची तरी लाज राख.

कळ्यांचं भावोजींनी फोडलं तर. हो, तुला खुडायला सांगितल्या आणि माझ्या ठेवल्या. मी मोठी आहे, मला चालतं. माझ्या रोपाला हिरवं फळ धरलं आहे आणि मी जिंकते आहे.

मालकाला निरोप पाठवायचा नाही. फेब्रुवारीची मुदत त्याने दिली आहे, तू नव्हे. दुसऱ्याच्या कापडाला आपण होऊन कात्री लावायची नसते.

एक सांगायचं राहिलं. ती भिरकावलेली बियांची कुंडी कपडे वाळत घालताना पायाला लागली. बघते तर त्यात मोहरीएवढी हिरवी पानं. मेलं माझ्या नाकावर टिच्चून उगवलं! मी वाट बघत होते तेव्हा दडून बसलं, आणि मी नाद सोडल्यावर वर आलं. या घरात कोणालाच माझं ऐकायचं नाही.

रागावून लिहिलं आहे, पण लोभ त्याच शाईत आहे.

तुझी ताई

२२ जानेवारी

ती. ताईस, शि.सा.न.वि.वि.

डबे आत आणले. मुंग्या गेल्या. मालकाला निरोप पाठवलेला नाही.

ब्रश पोचला. बायको म्हणते की त्याला साबणाचा वास आहे. तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. उरलेल्या फुलांवर रोज सकाळी फिरवतो. भावोजींच्या हनुवटीवरून फुलावर, केवढी बढती! त्यांना सांग, मी उपकार विसरणार नाही.

तू विचारणारच, म्हणून लिहितो. सकाळी नाक लावतो. पान, माती, मग लवंगसुद्धा. काही नाही. लावतो मात्र.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. नाकाड्यास, ताईचे अ.उ.आ.

जिंकले, असं लिहायला सकाळी बसले होते. फळ एका अंगाने लाल झालं होतं. एक दिवस आणखी ठेवा, असं माळी म्हणाला. मी म्हटलं, एका दिवसात नाकाड्या पुढे गेला तर? तोडलं. भावोजींच्या तोंडात दिलं. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि म्हणाले, हे फळ नव्हे, हे कोटाचं बटण आहे, आणि तेही कैरीच्या झाडावरचं. मी म्हटलं, घरात ठेवून पिकवू. माळी म्हणाला, एकदा तोडलं की हे पुढे पिकत नाही. म्हणजे मोजायचं नाही, असा भावोजींनी निकाल दिला. माझा नवरा आहे की तुझा वकील?

दुसरं फळ मी नीट ठेवलं होतं. ते पक्ष्याने नेलं. पक्ष्यालाही दम नाही.

तुझी किती धरली? लपवू नकोस. मुदत जवळ आली, हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

जीव तुझ्याकडे आहे, फक्त हात दुकानात आहेत.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस, शि.सा.न.वि.वि.

हे सलग लिहितो, मधे थांबलो तर लिहिता येणार नाही.

आज सकाळी उठलो, तोंड धुवायला निघालो आणि खोलीच्या दारातच थांबलो. काहीतरी होतं. ओळखीचं माणूस मागे येऊन उभं राहावं आणि त्याचं नाव आठवू नये, तसं. बायकोला विचारलं, काय शिजवते आहेस? ती म्हणाली, अजून गॅस पेटवलेला नाही.

खिडकीशी गेलो. डब्यांत लाल काही नव्हतं. चार हिरवी फळं आणि एक पांढुरकं, काल संध्याकाळी बघितलेलीच. पण ते जे काही होतं, ते तिथेच होतं. वाकलो. डाव्या डब्याशी कमी, उजव्याशी जास्त. ताई, मी कुत्र्यासारखा पानांवरून नाक फिरवत गेलो. बायकोला वाटलं, मला चक्कर आली. भिंतीकडच्या कडेला ते एकदम एवढं आलं की डोळे मिटले माझे. हात घातला. एक दांडी डब्यावरून मागे लोंबली होती, डबा आणि भिंत यांच्या सांदीत, वर मोठी पानं. त्या सांदीत फळ. देठापर्यंत लाल, तुझ्या अंगठ्यापेक्षा मोठं. तिने पाहिलेलं नव्हतं, मी पाहिलेलं नव्हतं. कोणाच्या डोळ्यांना माहीतच नव्हतं ते.

सुरीने दोन भाग केले. तिने आपलाही मलाच दिला. मी एकदासुद्धा नको म्हटलं नाही.

सगळं परत आलेलं नाही. साबण अजून नाही. दुपारी चहा आला आणि गेला. पण हे आलं होतं, ताई. अगदी दारापर्यंत मला घ्यायला आलं होतं.

आणि पैज मी जिंकलो. पुढचं पत्र नीट मायना घालून लिही.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. भावास, ताईचे अ.उ.आ.

वर बघ, हाताने आपोआप ‘ना’ काढला होता, तो खोडून लिहिलं. भावास! असं वाटतं की वाण्याला पत्र लिहिते आहे. पण हरले ते हरले.

तुझं पत्र वाचलं आणि यंत्रावर बसले, तर एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी जोडली. ती बाई ओरडत होती आणि मी हसत होते. भावोजी तिच्यापुढे हात जोडत होते.

पण माझा विश्वास बसलेला नाही. का ते सांगते. मी शिकाऊ असताना तुला पहिला सदरा शिवला, त्याची एक बाही आखूड झाली. तू म्हणालास, ताई, झकास बसला आहे, आणि दिवसभर तो हात खिशात घालून हिंडलास. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची तुझी जुनी खोड आहे. आता मुदत संपत आली, ताई बिचारी रोज पत्रं पाडते आहे, म्हणून पिकवलं असशील एक फळ कागदावरच.

तेव्हा परीक्षा. सोबत तीन चिमुकल्या उशा आहेत, सुपारीएवढ्या. आपल्या जुन्या ट्रंकेतलं तपकिरी कापड घेऊन शिवल्या. प्रत्येकीत काय आहे ते हुंगून लिहायचं आणि उशा मला परत पाठवायच्या. उसवून बघितलंस तर मला कळेल. टाका माझा आहे, तो दुसऱ्या कोणाला तसा घालता येत नाही. बायकोला विचारायचं नाही. नवऱ्याला फितूर होशील तर बघ, असं मी तिलाही सांगितलं आहे.

बरोबर आलं तर मालकाकडे जा. चुकलं तर मला खरं लिही. खोटा धीर मला नको, आणि तुलाही तो आता पुरणार नाही.

जे काय ते लवकर कळव. मला दम नाही, हे जगजाहीर आहे.

तुझी ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस, शि.सा.न.वि.वि.

उशा परत पाठवतो आहे. टाके मोजून घे.

पहिलीत लवंग. मला टोमणा म्हणून घातली आहेस, तो पोचला.

दुसरी दोन दिवस गप्प होती. काल सकाळी बोलली. कपड्यांचा साबण, तो पिवळा, कडक.

तिसरीने माझा जीव काढला. पहाटे घेऊन बसलो, ठेवली, पुन्हा घेतली. बायको म्हणाली, राहू द्या, दोन आली तरी पुष्कळ झालं. मग मी ओळखलं. ताई, तिसरीत काही नाही. कापडात कापडच भरलं आहेस. मी काहीतरी ठोकून देतो का ते तुला बघायचं होतं. लबाड ती लबाडच.

पण रिकामी असली तरी तिला वास आहे. आधी डांबरगोळीचा, ट्रंकेतला. आणि त्याच्या खाली, अगदी पुसट, करपल्याचा. शिवण्याआधी कापडाला इस्त्री केलीस आणि ती जरा जास्त वेळ तशीच ठेवून भलतीकडे बघत राहिलीस. तपकिरी कापडावर डाग दिसत नाही. शिवणीची आतली बाजू उलटून बघ.

करपलं आहे, हे मला कळलं, ताई.

चहा तसाच टाकून बेकरीत गेलो. जोडीदार भट्टीपुढे उभा, डोळे घड्याळाला लावून. मालक पीठ चाळत होते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आधी नुसतं ऊबदार आलं, ओल्या पिठाचं. मग गोडसर. मग ते आलं, ज्याची मी एवढे महिने वाट बघत होतो, कडांचं, खरपूस, पुढे एक पाऊल टाकलं तर करपेल असं. मी म्हटलं, काढा. जोडीदार म्हणाला, अजून वेळ आहे. मालक म्हणाले, तो काढा म्हणतो आहे ना, मग काढा.

फळी मीच घातली. आख्खी भट्टी एकसारखी बदामी निघाली. जोडीदाराने पाव उलटा करून खालून टकटक वाजवून बघितला आणि घड्याळाकडे पाठ फिरवली. मालक पुढे आले. खुंटीवरचा माझा एप्रन काढला, झटकला आणि माझ्या गळ्यात घातला. हे पत्र तिथूनच लिहितो आहे. कागदाला पीठ लागलं आहे, ते माझं आहे.

भावोजी परवा इकडून जातील, त्यांच्याबरोबर आजच्या भट्टीतला एक पाव पाठवतो. शिवाय एक लहान डबा. माझ्या रोपाने लांब दोरा सोडला आहे, त्याच्या टोकाला पिल्लू धरलं आहे, त्याला मुळं फुटली म्हणून कापून तुझ्यासाठी लावलं. वरच लाव, माया सोडू नकोस. आणि भावोजींना नवा ब्रश मी घेतला आहे.

पैजेचं तुला माफ केलं. ‘चि. भावास’ वाचून मी पाकीट उलटून बघितलं, कोणाचं पत्र आलं म्हणून. पुढच्या वेळी नीट हाक मार.

तुझ्या लोभाची धग अशीच लागत राहो, आम्ही करपणार नाही.

तुझा
नाकाड्या